जपानचा भात

देशोदेशींच्या संस्कृतीचा सोहळा म्हटला की मला अजून हसू येतं, आणि ते हसू काही चांगलं नसतं. नोकरीतून मोकळी झाल्यापासून अशा सोहळ्यांना मला अध्यक्ष म्हणून बोलावतात. कॉलेजच्या पटांगणात मांडव घालतात, पोरापोरींच्या अंगावर नाना देशांचे कपडे चढवतात. एकजण उभा राहून सांगतो की सारं जग एक कुटुंब आहे, आणि तोच मांडवामागे भांडी घासणाऱ्या बाईला ‘ए’ म्हणून हाक मारतो. मी हार घालून घेते, नारळ घेते आणि घरी येते. जग एक कुटुंब आहे हा धडा मला फार लवकर मिळाला होता. तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची होते आणि त्या कुटुंबात माझ्या वाट्याला आफ्रिका आली होती.

नवापूरच्या डोंगराकडच्या अंगाला मिशनची एक शाळा होती. तिला लागून मुलींचं बोर्डिंग, आणि सातवी झालेल्या मुलींतून मास्तरणी तयार करायचा एक वर्ग. राज्य इंग्रजांचं. पहिली लढाई संपून बरीच वर्षं झाली होती, दुसरी अजून लागायची होती. शाळा चालवणाऱ्या मोठ्या मडमबाई समुद्रापलीकडच्या कुठल्याशा थंड देशातून आलेल्या. आमच्यात इतकी वर्षं राहून त्या मराठी उत्तम बोलायला शिकल्या होत्या. एवढंच की आमच्यापैकी कोणी घरी मराठी बोलत नव्हतं. घरात आमची डोंगरची बोली, बाजारात अहिराणी, आणि मराठी फक्त फळ्यासमोर. मडमबाईंना हे कोणी सांगितलं नाही, आणि त्यांना स्वतःहून कळलं नाही.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता बातमी आली की मडमबाईंच्या देशातून कमिटीचे साहेब येणार. हे साहेब एका मुलीला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात पाठवणार होते, सगळा खर्च कमिटीचा. जागा एक आणि मुली दोन. एक दवाखान्यातल्या कंपाउंडरची मुलगी आणि दुसरी मी. अभ्यासात मी पुढे होते, हे सगळे मानत. पण कंपाउंडरचं घर मिशनच्या कुंपणात, मडमबाईंच्या खिडकीतून दिसणारं. माझं घर डोंगरातल्या पाड्यावर. त्यामुळे साहेबांची अट अशी की माझ्या बापाला ते स्वतः भेटणार आणि या घराने जुने देवधर्म खरोखर सोडलेत की नाही, ते पाहणार.

मला पुण्याला जायचं होतं. किती जायचं होतं हे आज सांगूनही कळायचं नाही. गेले नाही तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या पाड्यावर लग्न ठरलेलंच होतं. मुलगा वाईट नव्हता. पण त्याच्या घरच्या बायका रोज पहाटे डोक्यावर गवताचे भारे घेऊन नवापूरच्या बाजाराला निघत, आणि त्या रांगेत शेवटी मी मला स्पष्ट दिसत होते.

साहेबांच्या स्वागताला काय करावं, यावर मडमबाईंनी पुष्कळ विचार केला आणि ‘देशोदेशींचा दिवस’ काढला. पटांगणात प्रत्येक देशाचं एक दुकान मांडायचं, त्या देशाचा पोशाख, त्या देशाचं गाणं, आणि पाहुण्यांना चाखायला त्या देशाचं काहीतरी. बाजारपेठेतल्या मारवाडी शेठजींकडून रेशमी कापडं आणि कागदी छत्र्या मागून आणल्या. भात पाखडायची सुपं उलटी डोक्यावर बांधली की चीन झाला. मडमबाईंच्या पलंगपोसात अरबस्तान निघालं. इंग्लंडसाठी एक टेबल आणि दोन खुर्च्या ठेवल्या. खुर्चीवर बसणं, हेच इंग्लंड.

हिंदुस्थान कंपाउंडरच्या मुलीला मिळाला. आमचे मास्तर देशावरचे, गोरे, नाकात बोलणारे. त्यांनी घरून नऊवारी शालू आणि नथ आणून तिला सजवलं आणि सांगितलं, “ही आपली संस्कृती.” आमच्या पाड्यांवर नऊवारी शालू कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. आमच्या बायका गुडघ्याच्या वर लुगडं खोचून चिखलात उतरतात, ती संस्कृती नसावी. काम असावं.

आफ्रिका आम्हा डोंगरच्या चौघींची. लुगड्यावरून गवताचे घागरे बांधले. आम्ही मुळात काळ्या, आमच्या डोंगरात गोरं कोण जन्माला येतं? पण मडमबाईंना ते काळेपण पुरेसं वाटेना. तव्याची काजळी खोबरेलात कालवून त्यांनी स्वतःच्या हातांनी आमच्या तोंडांना फासली. फासताना त्या प्रेमाने हसत होत्या, हे मी मुद्दाम सांगते. आमच्याकडे तोंडाला काळं फासतात ते पाड्याबाहेर काढायच्या माणसाच्या. आम्हा चौघींना ते माहीत होतं, म्हणून आम्ही एकमेकींकडे पाहत नव्हतो.

आणि शस्त्रं? आफ्रिकेच्या माणसाच्या हातात धनुष्यबाण हवं. ते कुठून आणायचं यावर मडमबाई आणि मास्तर दोन दिवस खल करत होते, सुरतेहून मागवता येईल का म्हणून. काखेत कळसा नि गावाला वळसा! शेवटी एका मुलीने भीत भीत सांगितलं, “बाई, आमच्या घरी आहे.” प्रत्येकीच्या घरी होतं. मग बापांना निरोप गेला की येताना धनुष्यं घेऊन या, आफ्रिकेसाठी लागतात.

माझा बाप, माझे आबा, त्या दिवशी धनुष्य खांद्याला लावून पाड्यावरून चालत आले. धुतलेलं धोतर, डोक्याला नवं फडकं. माझी आई मी लहान असतानाच वारली होती, भावंडं नव्हती. आबांनीच मला वाढवलं आणि सगळ्या पाड्याचा विरोध पत्करून बोर्डिंगात घातलं. पटांगणात त्यांनी मला शोधलं, माझ्यासमोरून दोनदा गेले, आणि तिसऱ्यांदा माझ्या पायांवरून ओळखलं. तोंडाकडे पाहून ते एवढंच म्हणाले, “काय केलंस तू?”

“काही नाही, आबा. मी आफ्रिका आहे.”

“ते काय असतं?”

“देश असतो. लांब आहे.”

आबांनी धनुष्य माझ्या हातात दिलं, दोरी ओढून ठीक आहे ना ते पाहिलं, आणि झाडाखाली जाऊन बसले.

गाणी झाली, कवायत झाली. कमिटीचे साहेब उंच, घामाने भिजलेले, आणि सगळ्याला ‘सुंदर, सुंदर’ म्हणणारे होते. चीनला सुंदर, अरबस्तानला सुंदर, आम्ही गवत हलवून नाचलो त्यालाही सुंदर. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगीच नाही. आम्ही डोंगरातच राहणारी माणसं, त्यामुळे आम्हाला कुठून पाहावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

मग खाणं. पहिल्या ओळीत शेठजी बसले होते, ज्यांची छत्री जपानने धरली होती ते. त्यांच्यासाठी मडमबाईंनी आधीच विचारून कोऱ्या माठातलं वेगळं पाणी आणि सालीसकट केळी ठेवली होती. शेठजींनी हात जोडले. “बाईसाहेब, हमारे में नहीं चलता. घर के बाहर कुछ नहीं लेते.” मडमबाईंनीही हात जोडले आणि साहेबांकडे वळून कौतुकाने सांगितलं की ही फार प्राचीन, फार कडक धर्माची माणसं, यांच्या व्रतांचा आपण मान राखला पाहिजे. साहेबांनी मान राखला. शेठजींना झुकून नमस्कार केला. शेठजींची काही चूक नव्हती, आणि त्यांचा मान राखला गेला याचा मला रागही नाही. मी फक्त सांगते की मी ते पाहिलं.

त्यानंतर साहेब म्हणाले, “त्या मुलीचे वडील कुठे आहेत?” मास्तरांनी आबांना झाडाखालून उठवून आणलं.

मडमबाईंचा तो मोठा क्षण होता. त्यांनी आबांना जपानच्या दुकानासमोर चक्क खुर्चीवर बसवलं आणि चिनी मातीच्या वाडग्यात स्वतः भात वाढून त्यांच्या हातात दिला. जपानी लोक भात खातात, हे मडमबाईंनी पुस्तकात वाचलं होतं. आणि जपानचा तो भात आला होता शाळेच्या गोठ्यामागच्या खाचरातून. हळवा, लवकर पिकणारा भात, नुकताच कापलेला, त्याच आठवड्यात कांडलेला. त्याचा वास साऱ्या पटांगणात सुटला होता. आमच्या डोंगरातल्या कुठल्याही पोराला तो वास ओळखू येतो, कारण त्या दिवसांत त्याच वासाने तोंडाला पाणी सुटतं आणि त्याच भाताला हात लावायचा नसतो.

इथे मला नवाई सांगितली पाहिजे. नवं पीक आलं की आमच्याकडे ते आधी देवाला देतात, मग माणसं खातात. देण्याचा दिवस सगळा पाडा मिळून ठरवतो. त्याआधी नवा दाणा कोणी तोंडात घालत नाही, भुकेलं पोरसुद्धा नाही. आणि देणारा हात ठरलेला असतो. आमच्या पाड्यावर तो आमच्या घराचा, आजाच्याही आधीपासून. देणाऱ्याने तर नवा दाणा चाखलेला मुळीच चालत नाही. खाल्लेल्या तोंडाने पहिलं देता येत नाही, एवढा साधा नियम. आम्ही ख्रिस्ती झालो तेव्हा निम्मा पाडा झाला, निम्मा नाही झाला. आबांनी तिढा आपल्या पद्धतीने सोडवला. नवाईच्या सकाळी उपाशीपोटी सागाच्या पानावर मूठभर भात बांधावरच्या दगडापाशी ठेवायचे, आणि तसेच उपाशी टोपली डोक्यावर घेऊन प्रार्थनेच्या घरात पहिलं पीक द्यायला जायचे. त्या घराला आम्ही देऊळच म्हणत असू. मग सगळा पाडा एकत्र बसून खाई, इकडचाही नि तिकडचाही. देवळातल्या पाळकांनी बांधाबद्दल कधी विचारलं नाही, आबांनी कधी सांगितलं नाही.

आबांनी वाडगा नाकाशी नेला. वास घेतला. आणि हळूच टेबलावर ठेवून दिला.

“खा, खा,” मडमबाई म्हणाल्या.

मास्तर पुढे झाले. “अरे, काय झालं? खात का नाहीस?”

आबा बाजारात बोलत त्या अहिराणीत म्हणाले, “नवाई व्हयनी नई अजून. देवले दिधाबिगर नवा भात आम्ही नई खातस.”

मास्तरांनी ते मडमबाईंना मराठीत आणि साहेबांना इंग्रजीत सांगितलं. असं काही सांगायला मिळालं की त्यांचा आवाज कसा गोड व्हायचा, तो अजून माझ्या कानात आहे. मडमबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. साहेबांनी विचारलं, “कोणत्या देवाला?”

आबांना खोटं बोलता येत नसे. प्रश्नात काही गोम आहे हेही त्यांना कळलं नाही. त्यांनी सरळ सांगितलं, “बांधवरलाले बी देतस, देऊळमझारलाले बी देतस. एकले दिधं आन् दुसराले नई, मंग राग कोनना लेवाना?”

कुठल्याही शहाण्या माणसाने यावर पोट धरून हसावं आणि पाठीवर थाप मारावी. पण तिथे शहाणं कोण होतं? सगळे उंटावरचे. साहेबांचा चेहरा पडला. ज्या माणसाने दिवसभर सगळ्या जगाच्या चालीरीतींना सुंदर, सुंदर म्हटलं, त्याच्यासमोर एक खरी चालरीत धोतर नेसून खुर्चीवर बसली, तर त्याला घाम फुटला. ते मडमबाईंना हळू आवाजात म्हणाले, आणि तेवढं इंग्रजी मला येत होतं, की मग या घरातल्या मुलीवर खर्च करणं कठीण आहे.

मडमबाई झपकन माझ्याकडे आल्या. त्यांना मी हवी होते, हे मी नाकारत नाही. त्या कुजबुजल्या, “सांग तुझ्या वडिलांना. एक घास. नाहीतर पुणं विसर. अगं, तो साधा जपानचा भात आहे!”

मी आबांजवळ गेले. आमच्या बोलीत म्हणाले, “आबा, नका खाऊ.”

हे मी म्हणाले. त्या दिवसाचं मला अभिमानाने आठवावं असं एवढंच आहे. आबांनी माझ्या काजळी फासलेल्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी विचारलं, “हे पुण्याला पाठवणारे तेच ना?”

“हो.”

“खाल्लं तर पाठवतील?”

मला नाही म्हणता आलं नाही. खोटं त्यांना येत नव्हतं तसं मलाही येत नव्हतं.

“आणि तुला जायचंय.”

मी मान हलवून हो म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं की हो, याचा निकाल मी आजवर लावलेला नाही, आणि लावणारही नाही. मला जायचं होतं.

आबांनी वाडगा उचलला. एक घास मागितला होता, त्यांनी सगळा खाल्ला. सावकाश, शीत न् शीत, बोटांनी वाडगा पुसून. अन्न टाकायचं नसतं, म्हणून. सगळे पाहत होते. वाडगा रिकामा झाला तशा साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग मडमबाईंनी, मग मास्तरांनी, मग साऱ्या पटांगणाने. चीनने, अरबस्तानने, नथ सावरत हिंदुस्थानने. साहेबांनी आबांचा हात हातात घेऊन हलवला आणि सांगितलं की आज एक माणूस अंधारातून बाहेर आला. शेठजी तेवढे टाळ्या न वाजवता मान खाली घालून बसले होते. व्रताचा माणूस, त्याला कळलं असावं.

“भात कसा होता?” मास्तरांनी विचारलं.

“चांगला शे,” आबा म्हणाले. भाताचा त्यात काय दोष?

मडमबाईंचं भान आनंदाने सुटलं होतं. त्यांनी दुसरा वाडगा भरून माझ्यापुढे धरला आणि धरता धरता थांबल्या. “नको, नको. तू नको खाऊस. ओठांचा रंग जाईल, अजून फोटो काढायचाय.” असा आफ्रिकेने माझा धर्म राखला. साहेबांनी फोटो काढला, मधोमध आबा, हातात रिकामा वाडगा, बाजूला त्यांचंच धनुष्य धरून मी. संध्याकाळी गाडीला निघण्याआधी त्यांनी पुण्याची जागा माझ्या नावावर केली. मला आनंद झाला. आनंद झाला नाही असं लिहिलं असतं तर तुम्हाला मी बरी वाटले असते, पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी लिहायला बसलेली नाही.

काही दिवसांनी नवाई आली. मी सुट्टी मागून घरी गेले. सकाळी सगळा पाडा आमच्या अंगणात जमला, बाया, पोरं, म्हातारे, सगळे उपाशी. आबा बाहेर आले ते हात रिकामे ठेवून. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “मी नवा भात खाल्लाय. शाळेत. मला देता यायचं नाही.”

कोणी काही विचारलं नाही. एक म्हातारा नुसता ‘बरं’ म्हणाला. टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्या पटांगणापेक्षा त्या एका ‘बरं’मध्ये जास्त अक्कल होती, पण मला ते तेव्हा सोसलं नाही. मी घरात पळाले. आबा मागून आले. सागाचं पान त्यांनीच आणून धुऊन ठेवलं होतं. ते माझ्या हातात देऊन म्हणाले, “तू नाही खाल्लंस. हात घरचाच पाहिजे. चल.”

आमच्या पाड्यावर बाईच्या हाताने नवाई दिलेली त्याआधी कोणी पाहिली नव्हती. मी दिली. बांधावर दिली, मग टोपली डोक्यावर घेऊन देवळात दिली. आबा दोन्हीकडे माझ्या मागे, पोहोचलो की दूर थांबत. बांधापासून दूर, देवळाच्या दारापासून दूर.

मग भात रांधला. अंगणात पंगत बसली. सबंध वर्षाने तो वास पोटात जायचा होता, पोरं कालवा करत होती. मी वाढत गेले. ओळीच्या टोकाला आबा बसले होते. त्यांच्यापुढे पान होतं, आणि त्यांनी ते पालथं घातलं होतं. मी भाताचं भांडं घेऊन वाकले.

आबांनी पानावर हात ठेवला. वर न पाहता म्हणाले, “पुढे वाढ. माझं खाऊन झालंय.”